देवबागचा मतलई वारा आणि पहिलं पॅरासेलिंग

सकाळचे साडेसात. देवबागच्या पुळणीवर माडाच्या झावळ्या समुद्राकडे झुकल्या आहेत आणि काठावर फुटणारी लाट जेमतेम घोट्याएवढी आहे. हा मतलई वारा. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून तो समुद्राकडे वाहतो आणि ऊन तापलं की मरतो. मग थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि दुपारकडे खारा वारा उलट दिशेनं, समुद्रावरून किनाऱ्याकडे सुटतो. पॅरासेलिंग म्हणजे बोटीला दोरानं बांधलेल्या पॅराशूटला लटकून हवेत तरंगणं. ते पहिल्यांदा करणाऱ्यानं दिवस कुठला निवडला यापेक्षा या दोन वाऱ्यांपैकी कुठला निवडला, याला जास्त महत्त्व आहे. आदल्या संध्याकाळी चौकशी केली तेव्हा बोटीच्या तांडेलानं, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखानं, दराच्या आधी हेच सांगितलं, "सकाळीच येवा. दुपारनंतर वारो सुटता." असं आपणहून सांगणारा माणूस भेटला की निम्मी काळजी मिटते.

कोकण रेल्वेनं कुडाळला उतरून मालवण गाठायचं. तिथून तारकर्ली सहा-सात किलोमीटर, आणि तोच रस्ता पुढे देवबागला जाऊन संपतो. डावीकडे कर्लीची खाडी, उजवीकडे अरबी समुद्र आणि मधे माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला खाडी समुद्राला मिळते तो संगम. वॉटर स्पोर्ट्स मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात ते पावसाळा ओसरेपर्यंत. ऑक्टोबरमध्ये सुरू झाले तरी परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर गडगडू लागतात, म्हणून नवख्या माणसासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यात चांगल्या.

वारा किती आहे हे बघायला यंत्र लागत नाही. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस तुरळक दिसतो तेव्हा वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर असतो. हे हवामान पहिल्या उड्डाणाला उत्तम. जिकडे तिकडे पांढरे तुरे दिसू लागले की तो २० ते २८ च्या घरात गेलेला असतो. मुरलेला चालक यातही बोट नेतो, पण पहिल्या खेपेला आपण थांबावं. पांढऱ्या तुऱ्यांबरोबर पाण्याचे तुषारही उडू लागले तर त्या दिवशी तो विषयच सोडायचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं २०१४ साली पॅरासेलिंगसाठी कायदा केला. त्यात सलग वाऱ्याची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर ठरवली आहे आणि सात मैलांच्या, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरच्या आत वीज चमकत असेल तर उड्डाणाला मनाई आहे. आपल्याकडेही हेच आकडे डोक्यात ठेवायला हरकत नाही. विजेचं अंतर मोजणं सोपं आहे: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद गेले तर वीज साधारण १० किलोमीटरवर आहे.

आकड्यांचा एवढा आग्रह का, तर वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वारा २० वरून २८ वर गेला की दोरावरचा ताण जवळजवळ दुप्पट होतो, ४० वर गेला की चौपट. किनाऱ्यावर उभ्या माणसाला २० आणि २८ मधला फरक फारसा जाणवतही नाही. दोराला जाणवतो.

आता दोर. आम्ही बोटीवर चढल्यावर सगळ्यात आधी तोच बघतो, तुम्हीही बघा. मागच्या बाजूला विंच, म्हणजे दोर सोडायचं नि गुंडाळायचं यंत्र असतं, त्याच्या ड्रमवर करंगळीएवढ्या जाडीचा दोर गुंडाळलेला असतो. त्याच्या शेवटच्या हातभर लांबीत सगळी कथा असते. दोराचं टोक पॅराशूटच्या पट्ट्यांना एका न सरकणाऱ्या फासानं बांधलेलं असतं, आणि जिथे गाठ तिथे दोर सगळ्यात कमजोर. चांगल्या दोराचीसुद्धा ताकद गाठीपाशी तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहूनही अधिक घटते. रोज तीच गाठ, तोच बाक, तेच घर्षण. त्यात खारं पाणी सुकून धाग्यांत मिठाचे बारीक खडे राहतात आणि ते आतून कानशीसारखे घासतात. म्हणून शहाणे लोक गाठीजवळचा तुकडा ठरावीक दिवसांनी कापून टाकतात आणि ताज्या दोरावर नवी गाठ मारतात. देवबागच्या या बोटीवर टोक नुकतंच कापलेलं होतं: कापल्या जागी धागे वितळवून बंद केलेले, गाठीच्या पोटातला दोर बाहेरच्या दोराच्याच रंगाचा, बोट फिरवलं तर गुळगुळीत. गाठीशेजारी दोर केसाळ झालेला असेल, वाकवल्यावर काथ्यासारखा ताठ लागत असेल किंवा एखाद्या जागी चपटा झाला असेल, तर नम्रपणे नाही म्हणून उतरावं. विचारायला लाजू नये. दोर शेवटचा कधी कापला, या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असतं तो लगेच देतो.

पॅराशूटचंही तसंच. लांबून ते गोल छत्रीसारखं दिसतं, पण त्याच्या मागच्या बाजूला आडव्या चिरा असतात. त्यांतून हवा मागे फेकली जाते, म्हणून ओढलं की ते नुसतं अडत नाही, वर चढतं. ही रचना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर-मार्सेल लमोईन यांनी केली, आणि विमानातून उडी मारणारे स्कायडायव्हर पुढे जी पॅरा-कमांडर छत्री वापरू लागले ती याच रचनेतून आली. कापड नायलॉनचं. त्याचा खरा शत्रू ऊन. घडीच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग ताडून बघा; बाहेरचा पार विटला असेल तर कापडानं बरेच हंगाम पाहिले आहेत. अजून एक खूण: कापडाला तोंड लावून फुंकर मारली आणि ती सहज आरपार गेली, तर ते जीर्ण झालं आहे.

कपड्यांचं थोडक्यात: अर्धी पँट आणि अंगाला बसणारा टी-शर्ट. ओढणी आणि सैल साखळ्या काढून ठेवायच्या, मंगळसूत्र कपड्याच्या आत, चष्म्याला दोरी, मोबाइल किनाऱ्यावर. घावणे-चटणीचा बेत परत आल्यावर. वर कुणाला मळमळत नाही, मळमळतं ते आपला नंबर येईपर्यंत डुलत्या बोटीत बसून. तसं वाटलं तर नजर क्षितिजावर ठेवायची. गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर नको. दारू घेतलेल्या माणसाला तर बोटीवर चढूच देऊ नये.

आधी लाइफ जॅकेट आणि त्यावर हार्नेस, म्हणजे ज्यात बसून लटकायचं ते पट्ट्यांचं खोगीर, हा क्रम उलटा होता कामा नये. हार्नेसचे पट्टे मांड्यांखाली, जवळजवळ गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायचे, म्हणजे वर गेल्यावर झोपाळ्यावर बसल्यासारखं बसता येतं. ते जांघेत राहिले तर तीन मिनिटांत पाय बधिर होतात. खांद्याजवळ दोन्ही बाजूंच्या कड्या पॅराशूटखालच्या आडव्या दांडीच्या हुकांत अडकवतात. हूक बंद झाला की त्याचा स्क्रू फिरवून घट्ट केलाय ना, हे दोन्ही बाजूंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. जोडीनं जाताना दोघांच्या वजनात फार फरक असेल तर दांडी एका बाजूला कलते, तेव्हा वजनं खरी सांगा. आठवून सांगितलेलं वजन बहुतेक वेळा कॉलेजातलं असतं आणि चालक त्याच आकड्यावर वेग ठरवतो.

उड्डाणासाठी चालक बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवतो. मतलई वाऱ्यात ते किनाऱ्याकडे येतं. दोन खलाशी छत्रीचा काठ उचलून धरतात, वारा आत शिरतो आणि एका क्षणात फड्‌ असा आवाज होऊन ती डोक्यावर उभी राहते. आता आपण मागच्या फळीवर बसायचं, पाय पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, हात खांद्यांजवळच्या पट्ट्यांवर. उडी मारायची नाही, उठायचंही नाही. विंच दोर सोडू लागते आणि फळी आपल्या खालून निघून जाते.

इथे चालकाचं खरं कसब लागतं. छत्रीला मिळणारा वारा म्हणजे निसर्गाचा वारा आणि बोटीचा वेग यांची बेरीज किंवा वजाबाकी. वारा ताशी १५ आणि बोटही १५ असेल तर वाऱ्यासमोर जाताना छत्रीला ३० मिळतात. तीच बोट वाऱ्याच्या दिशेनं पळाली की शून्य. म्हणून वाऱ्यासमोर वेग कमी, वळणानंतर जास्त, आणि वळण नेहमी मोठं, सावकाश. एकाच वेगानं गिरक्या मारणाऱ्या बोटीमागची छत्री वर-खाली हेलकावे खाताना किनाऱ्यावरूनही दिसते. अशा बोटीची फेरी आधी बघावी, मग पैसे द्यावेत.

फलकावर '३०० फूट' लिहिलेलं असतं ते बहुधा दोराच्या लांबीचं. दोर ४५ अंशांत असेल तर ३०० फूट दोरावर आपण साधारण २१० फुटांवर असतो. तेवढे पुरतात. इंजिनाचा आवाज खाली राहतो, आणि वाऱ्याची एक सलग शीळ तेवढी दोरातून येते. देवबागची पट्टी पहिल्यांदा पूर्ण दिसते: दोन पाण्यांमधे हिरव्या माडांची रेघ, संगमावर खाडीचं मातकट पाणी आणि समुद्राचं निळं पाणी यांच्यातली वाकडी सीमा, मधे वाळूचे दांडे फिकट पिवळे. दक्षिणेला पाण्यापलीकडे भोगव्याची पुळण आणि डोंगर, त्यापुढे निवतीचा कडा. उत्तरेकडे मालवणसमोर सिंधुदुर्गाचा तट. १६६४ साली ज्याची पायाभरणी झाली, त्या तटाची नागमोडी वळणं किल्ल्यात चालताना लक्षात येत नाहीत. दुरून, उंचीवरून ती रेखाटल्यासारखी स्वच्छ दिसतात. खाली कुणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढत असेल तर जाळ्याची अर्धगोल रेघही दिसते. चालकानं तिच्यापासून लांब राहायचं असतं. तो त्या लोकांचा दिवसाचा घास आहे, आणि पंख्यात जाळं अडकलं तर बोट जागीच थांबते.

बोट थांबली तर काय? घाबरण्यासारखं फार नाही. छत्री भरलेलीच असते, आपण सावकाश पाण्यात उतरतो. खरा धोका वारा अचानक वाढला आणि विंचला दोर ओढवेना तेव्हा. अशा वेळी इंजिनाचा जोर वाढवणं ही सगळ्यात मोठी चूक. वारा जिकडे वाहतो तिकडे बोट वळवायची, ताण उतरवायचा आणि मग दोर गुंडाळायचा. दोर तुटलाच तर छत्री वाऱ्याबरोबर जाते, आणि मतलई नि खाऱ्या वाऱ्यातला फरक इथे जीवनमरणाचा होतो. मतलई तुम्हाला मोकळ्या समुद्रावर नेतो, खाली पाणी असतं आणि मागून बोट येते. दुपारचा खारा वारा नेतो सुरूच्या बनाकडे, माडांकडे, विजेच्या तारांकडे. म्हणून दुपारी बोट किनाऱ्यापासून दोराच्या लांबीच्या कितीतरी पट लांब हवी. पाण्यात उतरताना पाय जुळवून गुडघे वाकवायचे, श्वास धरायचा. पाय पाण्याला लागेपर्यंत एकही हूक सोडायचा नाही. लागल्यावर मात्र लगेच सोडायचे आणि दोऱ्यांपासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला पोहायचं. जोराच्या वाऱ्यात छत्री पाण्यावर भरलेली राहून माणसाला ओढत नेते आणि ताणाखाली हूक सुटत नाहीत. यासाठी मदतीची दुसरी बोट जवळ असणं फार गरजेचं आहे. ती आहे का, आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, हे दोन्ही निघायच्या आधी विचारायचं.

शेवटी पाय पाण्यात बुडवण्याची गंमत असते. चालक वेग कमी करतो, आपण खाली येतो, पाय पाण्याला लागतात, पुन्हा वर. गुडघ्यापर्यंत ठीक. त्याहून खाली नेण्याचा हट्ट धरू नका. भिजलेल्या माणसाला पुन्हा उचलायला इंजिनाला झटका द्यावा लागतो आणि तो झटका थेट गाठीवर बसतो. उतरताना पुन्हा तीच बसलेली स्थिती, पाय वर, आणि खलाशी पट्टे धरेपर्यंत उभं राहायचं नाही.

काही किनाऱ्यांवर ओल्या वाळूवरून जीपनं ओढून पॅरासेलिंग करवतात. त्याचा आम्ही कुणालाच सल्ला देत नाही. खाली पाणी नाही, दोर कमी करायला विंच नाही, आणि किनारा संपला की जीपला थांबावंच लागतं.

साडेदहाला आमची बोट परतली तेव्हा वारा पडला होता आणि माडाच्या झावळ्या सरळ लोंबत होत्या. पश्चिमेला, लांब पाण्यावर, एक गडद पट्टा किनाऱ्याकडे सरकत होता. खारा वारा येताना असाच दिसतो. तांडेलानं दोन मिनिटं तिकडे बघितलं, छत्री गुंडाळून पिशवीत भरली आणि हार्नेसवर गोड्या पाण्याचा कॅन ओतला. रांगेत अजून चौघं उभे होते. त्यांचे पैसे परत देऊन त्यानं त्यांना उद्या सकाळी सातला यायला सांगितलं.