तुम्ही विचारलंत म्हणून: बी ग्रुप, बांगडा आणि अर्धी वाटी भात

मालवणच्या बाजारात बांगड्यांचा वाटा बघायला वाकले की मागून कुणीतरी विचारतंच, "बाई, तुमचा ग्रुप बी पॉझिटिव्ह ना? मग रक्तगटाचं डाएट आणि लो-कार्ब एकत्र कसं जमवलंत?" विचारणारी बहुतेक माझी जुनी विद्यार्थिनी असते आणि नुकताच साखरेचा रिपोर्ट घेऊन आलेली असते. मासेवालीला गिऱ्हाईक ताटकळलेलं आवडत नाही, म्हणून तिथे मी हसून वेळ मारून नेते. इथे नीट सांगते.

जमवलं नाही. जमवायला गेले, तेव्हा घरात काय झालं ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ टक्के आली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि भात कमी करा म्हणाले. त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या पुतण्याने रक्तगटाचा तक्ता छापून पाठवला. पीटर डीआदामो नावाच्या अमेरिकन निसर्गोपचारवाल्याने १९९६ साली पुस्तक लिहून ही कल्पना घरोघरी पोचवली. त्याचं म्हणणं असं की ओ गट सर्वांत जुना, शिकाऱ्यांचा, ए शेतकऱ्यांचा, बी भटक्या पशुपालकांचा, आणि एबी अगदी अलीकडचा. अन्नातली लेक्टिन नावाची प्रथिनं चुकीच्या गटाच्या रक्तात गाठी करतात, म्हणून ज्याने त्याने आपापल्या रकान्यातलंच खावं.

माझा रकाना वाचला आणि मी खुर्चीत बसले. बी गटाला नारळ वर्ज्य. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या वर्ज्य. चिकन, मसूर, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो वर्ज्य. चालणार काय, तर दूध, दही, मटण आणि भात! मग लो-कार्बचा, म्हणजे भात-साखरेतली कर्बोदकं कमी करायचा, कागद काढला. त्यात नारळ, कोळंबी, चिकन यांना मोकळं रान, आणि भाताला दाराबाहेर उभं केलेलं. एका कागदाने जे उचलायचं ते दुसऱ्याने खाली ठेवायचं. यांचा ग्रुप ओ, त्यांना मटण उत्तम, गहू आणि दूध बंद, ते खूश. लेकीचा ए, तिला हापूस वर्ज्य. घर देवगडपासून तासाभरावर, आणि पोरीने आंबा खायचा नाही. नारळ तर तिघांनाही नको. मागीलदारी सात माड उभे आहेत, त्यांचं काय करायचं ते मात्र तक्त्यात नव्हतं. कोकम आणि तिरफळही नव्हतं. हा कागद दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरासाठी लिहिलाय, हे तिथेच कळायला हवं होतं.

तरी मी शिक्षिका, प्रयोग केला. दोन्ही कागदांवर टिकणारं तेवढंच खायचं. उरलं काय? बांगडा, तारली, मटण, अंडी, पालेभाजी, तूप. वाईट नाही, पण नारळाशिवाय बांगड्याचं तिखलं केलं तर त्याला आंबट पाण्यातला मासा म्हणतात. चौथ्या दिवशी मी खोबरं किसायला बसले.

मग थोडं वाचलं. २०१४ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १,४५५ जणांच्या खाण्याची आणि रक्तगटाची पडताळणी केली. ए च्या रकान्यासारखं खाणाऱ्यांचं वजन, कंबर, रक्तदाब बरे दिसले. ओ चा रकाना जवळपास लो-कार्बच. तसं खाणाऱ्यांच्या रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एका प्रकारची चरबी, कमी दिसली. पण खाणाऱ्याचा स्वतःचा गट कुठला, याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे लोकांना बरं वाटतं ते खरं, पण मैदा, साखर, बेकरीची खारी सुटली म्हणून. आणि शिकारी-शेतकऱ्यांची ती गोष्ट? चिंपांझींत ए सापडतो आणि गोरिल्लांत बी. माझ्या गटाचा गोरिल्ला जन्मभर पाला खातो, त्याला दही कुणी लावलं होतं?

बॉम्बे ग्रुप या दुर्मिळ रक्तगटाचंही आठवतं. १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो नोंदवला. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो. त्या माणसांनी कुठला रकाना बघायचा?

म्हणून रक्तगट सोडला आणि भात धरला. सोडायला म्हणून धरला. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं. आमच्याकडची वाटी दीडशे ग्रॅमची. मी दोन्ही वेळा तीन-तीन वाट्या जेवत होते, करा हिशोब. सकाळची उकड्या तांदळाची पेज वेगळीच. नाचणीच्या भाकरीने सुटका होईल म्हणणाऱ्यांनो, नाचणीच्या पिठातही १०० ला सत्तरच्या आसपास कर्बोदकं आहेत. तंतू आणि कॅल्शियम जास्त, हे खरं, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच.

खरी अडचण मात्र कुणी सांगत नाही. आपलं कालवण भातासाठी रचलेलं असतं. त्यातलं मीठ, तिखट, आंबट हे सगळं भात गृहीत धरून. भात काढला की तेच कालवण वाटीतून पिताना घसा जळतो. कोबीच्या किसाचा 'भात' एकदा केला, यांनी ताटाकडे बघून विचारलं, "कोणाक बरा नाय?" शेवटी मला माझं कालवण नव्याने शिकावं लागलं. मीठ आणि मिरची निम्मी, सोलं दोन कमी, वाटण थोडं जास्त. बाजूला टाकळ्याची नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भरपूर भाजी, तीच भाताची जागा घेते. ओल्या खोबऱ्यात अंडं फेटून घावन होतं, काढताना मात्र तव्यावर धीर धरावा लागतो. मासे तळताना तांदळाचं पीठ नुसतं भुरभुरवते. दुपारी अर्धी वाटी भात ठेवलाय, तो वाटीने मोजून.

एक चूक माझी. गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता भात तोडला. पाचव्या दिवशी दुपारी चारला दरदरून घाम आला, हात थरथरले. मशीनवर त्या घडीची साखर ६२ (मिग्रॅ/डेलि). चमचाभर साखर पाण्यातून प्यायले, तेव्हा कुठे धड उभी राहिले. डॉक्टर रागावले आणि गोळी अर्धी केली. तुम्ही गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर आधी त्यांच्याकडे जा, मग ताटाकडे या. पहिल्या आठवड्यात पायात गोळेही आले. पाणी आणि मीठ शरीरातून जास्त जातं म्हणे. सोलकढीने बरं वाटलं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ओढाताण होते. सुके बांगडे, सोडे, सुकट खाऊन निभावता येतं, पण त्यांतल्या मिठाने यांचा रक्तदाब चढला, म्हणून आता ते रात्रभर भिजवून पाणी फेकते. बाकी अंडी, कुर्डू, फोडशी, आणि नशीब असेल तर अळंबी.

गेल्या तपासणीत तीन महिन्यांची साखर ६.७ होती. हापूस मी खाते, मे महिन्यात एका वेळी अर्धा, आणि त्या दिवशी दुपारचा भात नाही. लेक दोन खाते, ए ग्रुप असून.

पेज मात्र अजून सुटलेली नाही. पहिल्या दिवशी वाडगा नको म्हटला तर सासूबाई घाबरल्या, "गो, पेज सोडलंस? आजारी आसस काय?" त्यांचं समाधान व्हावं म्हणून रोज सकाळी त्यांच्या वाडग्यातलं वरचं पाणी दोन घोट घेते, मीठ आणि तुपाचा थेंब टाकून. त्यात कर्बोदकं किती, ते मी मोजलेलं नाही.