टाचण तीनदा परत आलं, पाठ तोच राहिला

पी.टी.चा तास कवायतीतून बाहेर काढायचा ठरवला तेव्हा अनेकांनी सांगितलं की मैदानावर नुसता गोंधळ होईल. मुलं तर पहिल्याच तासाला रुळली. गाडं अडलं ते टाचणापाशी, म्हणजे तासाआधी लिहून मंजूर करून घ्यायच्या पाठाच्या आराखड्यापाशी, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

छापील नमुन्यात 'अपेक्षित अचूक कृती' असा एक रकाना आहे. चेंडूफेकीच्या पाठासमोर मी लिहिलं, 'विद्यार्थी लक्ष्यापर्यंत चेंडू पोहोचवण्याचे स्वतःचे मार्ग शोधतील.' टाचण परत. लाल शाईत शेरा: 'कृती संदिग्ध. पायऱ्या क्रमाने लिहाव्यात.' मग खुलासा करणारी टीप जोडली, तर 'टीप नमुन्याबाहेर' म्हणून परत. तिसऱ्यांदा शेराच नाही, नुसती रकान्याभोवती गोल खूण.

शेवटी तपासणाऱ्या साहेबांसमोर जाऊन बसलो. ते म्हणाले, "सर, बरोबर फेकायची पद्धत एकच असते ना? मग तीच लिहा की."

मी फॉसबरीचं उदाहरण दिलं. 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने पाठ आडव्या दांडीकडे करून 2.24 मीटर उंच उडी मारली आणि सुवर्णपदक नेलं. 'अचूक कृती'च्या रकान्यात तो नापासच झाला असता. साहेब म्हणाले, "तो ऑलिंपिकवाला, ही पाचवीची पोरं." मग मी बर्नस्टाइनचं सांगितलं. या रशियन शास्त्रज्ञाने घण मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. घाव नेमका बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. यावर साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ठीक आहे, पण तुम्ही मोजणार कसं?"

एवढा एक प्रश्न मात्र रास्त होता. पहिल्याच शेऱ्यात तो विचारला असता तर सगळ्या खेपा वाचल्या असत्या.

घरी येऊन नव्याने लिहिलं: 'विद्यार्थी जवळच्या, लांबच्या आणि डोक्यापेक्षा उंच लक्ष्यावर चेंडू फेकतो. प्रत्येक लक्ष्यासाठी किमान दोन पद्धती वापरून पाहतो. कोणती निवडली आणि का, ते सांगतो.' मंजूर! पाठात काडीचाही बदल नाही, फक्त क्रियापदं मोजता येतील अशी. तेव्हा ज्यांचं टाचण अडलंय त्यांनी 'शोधतील', 'अनुभवतील', 'आनंद घेतील' हे शब्द आधी खोडावेत. मनात ठेवा, कागदावर नको.

पाठात काय घडलं तेही सांगतो. एक मुलगी उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकायची. सांगून सुधारणा शून्य. लक्ष्य बरंच मागे नेलं आणि म्हटलं, "आता जोरात." काही फेकींनंतर डावा पाय आपसूक पुढे आला, कंबरही वळली. मी पायाचं नावही काढलं नव्हतं.

म्हणून सूचना कमी द्या, परिस्थिती बदला. जागा, साहित्य, नियम, गटातली संख्या, यातलं एका वेळी एकच काहीतरी. सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने काम झालं ते कळत नाही. मूल अडखळलं तर चेंडू मऊ किंवा मोठा करा, सहज जमलं तर लक्ष्य लहान.

चेंडू पुरेसे नसतील तर कागदाचे बोळे करून चिकटपट्टी गुंडाळा. लांब रांगेत उभं राहून कुणी फेकायला शिकत नाही. 'आउट' झालेल्याला बाहेर बसवणारे खेळही या तासाला नकोत. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत आधी बसतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: सगळ्यांनी एकाच दिशेला फेकायचं आणि शिट्टी वाजल्याशिवाय चेंडू आणायला जायचं नाही. इथे सर्जनशीलता चालणार नाही. हा नियम टाचणातही लिहा, कारण सुरक्षिततेचा रकाना रिकामा दिसला की कागद परत येण्याला आणखी एक निमित्त मिळतं.

आणि परत आलेल्या प्रत्येक टाचणाचा शेऱ्यासकट फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी तपासणारे बदलले की तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.