तांबडीचा खाडा आणि अंडाशयातली उतरंड : खुराड्याची नोंद

खुराड्यात पहाटे साडेचारला टायमरवर दिवा लावू लागल्याला आता पाच आठवडे झाले. पुण्याजवळ डिसेंबरात नैसर्गिक उजेड जेमतेम ११ तास मिळतो. दिव्यामुळे तो साडेतेरा तासांवर गेला आणि सहापैकी चार गावरान कोंबड्या पुन्हा अंड्यावर आल्या. हा उजेड कोंबडीला डोळ्यांपेक्षा कवटीतून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) भागात अधिक जाणवतो, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

या वेळी तांबडी या कोंबडीच्या अंड्यांच्या वेळा मिनिटांसह लिहून ठेवल्या. सोमवारी ७.४०, मंगळवारी ९.०५, बुधवारी १०.२०, गुरुवारी ११.५०, शुक्रवारी दुपारी १.३०, शनिवारी खाडा आणि रविवारी पुन्हा ७.५०. पूर्वी अशा खाड्याचे खापर मी खाद्यावर फोडत असे, पण कारण संप्रेरकांच्या वेळापत्रकात आहे. एक अंडे पूर्ण होण्यास साधारण २५ तास लागतात, त्यांपैकी सुमारे २० तास कवच चढण्यात जातात, आणि अंडे घातल्यावर बहुधा अर्ध्या तासात अंडाशयातून पुढचा बलक सुटतो. तो सुटण्याआधी चार ते सहा तास मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे बलक सोडवणारे संप्रेरक उसळावे लागते, आणि ही उसळी मुख्यतः रात्रीच्या ठरावीक तासांतच येते. शुक्रवारच्या अंड्यानंतरचा बलक दुपारी दोनला सुटायचा, तर उसळी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान हवी होती. तोवर ती वेळ टळलेली असल्याने पिकलेली पुटिका (बलक जिच्यात वाढतो ती पिशवी) रात्रीपर्यंत थांबून राहिली.

याच महिन्यात अंडी देणारी एक कोंबडी पायाला इजा झाल्याने कापावी लागली, तेव्हा अंडाशय ताटलीत घेऊन व्हर्नियरने मोजले. डाव्या बाजूच्या त्या एकाच अंडाशयात ३२, २८, २४, १८ आणि ११ मिलिमीटरच्या पिवळ्या पुटिकांची उतरंड होती, शेजारी बलक सुटून गेलेली एक रिकामी, लोंबणारी पिशवी, आणि पायथ्याशी मोहरीएवढे असंख्य पांढरे दाणे. सहा-आठ मिलिमीटरच्या गटातून साधारण रोज एक पुटिका एफएसएच या पुटिका वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या आधाराने वर चढते. बाकीच्या बहुतेक जिरून जातात. लहान पुटिकांचे इस्ट्रोजेन हे संप्रेरक यकृताकडून बलकाचा कच्चा माल तयार करून घेते, तर सर्वांत मोठी पुटिका प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक सोडून एलएचला चेतवते. प्रोजेस्टेरॉन म्हटले की आपल्याला गाई-म्हशींमधील गाभण काळ आठवतो. कोंबडीत मात्र तेच अंडे सोडण्याचा इशारा देते.

काळी कोंबडी मात्र खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे. तिच्यात प्रोलॅक्टिन हे उबवण्याची ओढ लावणारे संप्रेरक वाढून एलएच घटते आणि मोठ्या पुटिका शोषल्या जातात, त्यामुळे दिवा कितीही वेळ ठेवला तरी उपयोग नाही. मंगळवारपासून तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पोटाखाली वारा लागेल असे ठेवले आहे. आज तिने प्रथमच पिसे फुलवून गुरगुरणे थांबवले.