आमची वाटचाल : वाइंडिंगच्या दुकानापासून ड्राइव्हपर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वडिलांनी मोटर वाइंडिंगचे, म्हणजे मोटरमधली तार गुंडाळण्याचे, काम सुरू केले, त्या काळी जिथे वेग कमीजास्त करावा लागे तिथे बहुधा डीसी मोटरच असे. त्यामुळे आमचा बराचसा वेळ कम्युटेटर (ब्रशमधून रोटरला वीज पोचवणारा तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग) लेथवर घासून देण्यात, त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खोल कोरण्यात आणि नवे कार्बन ब्रश बसवण्यात जाई. एसी ड्राइव्ह, म्हणजे एसी मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे, आवाक्यात आली तशी ही कामे ओसरली आणि आम्हीही ड्राइव्हकडे वळलो.

चार ध्रुवांच्या इंडक्शन मोटरमधले (कारखान्यांतली नेहमीची एसी मोटर) चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्‌झवर मिनिटाला १५०० फेरे घेते आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, त्याच्या किंचित मागे, साधारण १४४० फेऱ्यांनी फिरतो. म्हणजे वेग बदलायचा तर वारंवारताच बदलावी लागते. ड्राइव्ह ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा आधी सुमारे ५८५ व्होल्ट डीसीत बदलतो आणि मग आयजीबीटी (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हव्या त्या वारंवारतेचा एसी तयार करतो. वारंवारतेबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावे लागते, नाहीतर मोटरचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन वाइंडिंग तापते.

ग्राहक ‘दहा एचपीचा ड्राइव्ह द्या’ म्हणतो. आम्ही मात्र आधी शाफ्टवर काय जोडले आहे ते विचारतो. ब्लोअरचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, आणि विक्रेते नेमके तेच सांगत नाहीत. कन्व्हेयर किंवा एक्स्ट्रुडरला निम्म्या वेगावरही टॉर्क पूर्ण लागतो, म्हणजे प्रवाह तेवढाच राहतो, पण मोटर थंड करणारा शाफ्टवरचा पंखा मंदावतो. अशा मोटरला आम्ही स्वतंत्र ब्लोअर लावतो. क्रेन भार उतरवत असताना मोटरच जनित्र होते आणि डीसी बसचे (ड्राइव्हमधल्या डीसी भागाचे) व्होल्टेज चढून ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, म्हणून तिथे ही जादा ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लागतो.

वाइंडिंगचे जुने ज्ञान इथेही उपयोगी पडले. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल लांब असली की परावर्तित लहरींमुळे मोटरच्या टोकाशी व्होल्टेजचे उंच झटके बसतात. अशी जळलेली मोटर उघडली की पुष्कळदा लीडजवळच्या पहिल्या काही वेढ्यांतच शॉर्ट सापडतो, बाकीची कॉइल शाबूत असते. म्हणून रिवाइंडिंग करताना आम्ही इन्व्हर्टर ग्रेडची (असे झटके सोसणारी) तार वापरतो, फेजांमधले इन्सुलेशन वाढवतो आणि ड्राइव्हच्या बाहेर, मोटरकडे जाणाऱ्या बाजूला, झटके सौम्य करणारा चोक बसवायला सांगतो.

सतत पूर्ण वेगाने चालणाऱ्या मोटरला ड्राइव्ह लावून वीज वाचत नाही, उलट दोन-तीन टक्के ड्राइव्हमध्येच उष्णता होऊन जाते. अशा ग्राहकाला आम्ही फक्त मोटर सुरू करतानाचा प्रवाह आवरणारा स्टार-डेल्टा स्टार्टरच देतो.