तिसरा नमुना

जुलैचा दुसरा आठवडा. कुडाळ तालुक्यातल्या त्या वाडीवर सकाळी साडेसातला पोचले तेव्हा पाऊस असा लागला होता की गडग्यांमधल्या पाणंदीचा ओहोळ झाला होता. गाडी वर रस्त्याला ठेवून चालत उतरले. आदल्या दिवशी याच घरातून फोन आला होता, "मॅडम, वासराक हगवण लागली हा." मी दुसऱ्या गावात लसीकरणात अडकले होते. इलेक्ट्रोलाइटची पावडर सांगितली, पाणी पाजत राहा म्हटलं आणि फोन ठेवला. वासराचं वय विचारलं नाही. पशुवैद्यकाच्या नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर झालेली ही चूक अजून बोचते.

वासराला जन्मल्यापासून चार-पाच दिवसांत पाण्यासारखी हगवण लागली, तर पहिला संशय ई. कोलायच्या एका जातीवर. तिच्या अंगावर के-९९ नावाचे बारीक तंतू असतात. त्या तंतूंनी जिवाणू आतड्याला घट्ट धरतो आणि विष सोडतो. मग आतड्याच्या पेशी शरीरातलंच पाणी आणि क्षार बाहेर टाकत राहतात. ताप बहुधा नसतो, रक्त नसतं, वासरू नुसतं सुकत जातं. हे तंतू ज्या साखरयुक्त रेणूला पकडतात तो माणसाच्या शरीरात तयारच होत नाही, त्यामुळे वासराचा हा कोलाय घरच्यांना सहसा त्रास देत नाही. यावर खरं औषध म्हणजे चीक, आणि तोही पहिल्या काही तासांत. चिकातली प्रतिकारद्रव्यं वासराच्या आतड्यातून रक्तात जाण्याची वाट २४ तासांत बंद होते. आणि आमच्याकडे व्यायलेल्या गायीची वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावत नाहीत! मग दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाडीला खरवस. मी खरवसाच्या विरोधात नाही. पण आधी वासराचं पोट भरू दे, हे सांगून सांगून घसा सुकला.

हे वासरू मात्र वीस दिवसांचं होतं. गोठ्यात शिरल्या शिरल्या वास आला आणि पोटात धस्स झालं. शेपटी, मांड्या सगळं लडबडलेलं, राखाडी-हिरवट पातळ शेण, त्यात रक्ताचे धागे आणि आंवेचे तुकडे. थर्मामीटर लावला, १०५.६. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तिची घडी तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. डोळे खोल गेलेले. तोंडात बोट घातलं. निरोगी वासरू बोट लगेच चोखायला लागतं. या तोंडाने बोट धरलंच नाही. जीभ गार होती.

हा कोलाय नव्हता. साल्मोनेला असणार, असं मनाने घेतलं. मानेच्या शिरेत सुई घातली, सलाईनची बाटली गोठ्याच्या वाशाला टांगली, शेणाचा नमुना घेतला आणि मगच अँटिबायोटिक टोचलं.

बाटली धरून उभी होते तेव्हा दाराशी नजर गेली. दूध पाजायची निपलवाली बाटली उंबऱ्याशी पडली होती. मी विचारलं, "काकी, ह्याला दूध कोण पाजतं?"

"आमचो नातू. तेका लय हौस. शाळेतसून इलो की आधी गोठ्यात."

"आज दिसला नाही तो?"

"रातीपासून निजलो हा गे बाय. दोनदा ओकलो. काल फणस खाल्ल्यान, तेचाच आसतला."

सलाईन त्याच्या वडिलांच्या हातात दिलं आणि पडवीत गेले. पहिलीत जाणारं पोर चटईवर मुटकुळं करून पडलेलं. कपाळ तापलेलं, ओठ कोरडे. आईने हळूच सांगितलं की पहाटे शौचाला रक्त दिसलं, पण सासूबाई घाबरतील म्हणून बोलले नाही. हगवण थांबवायची गोळी कोणीतरी आणून ठेवली होती. ती मी उचलून घेतली. रक्त पडत असताना लहान मुलाला ती द्यायची नसते, जंतू आणि त्यांची घाण आतच कोंडते.

मी माणसांची डॉक्टर नाही. पण मीठ-साखरेचं पाणी वासराला आणि मुलाला एकाच तत्त्वाने चालतं. आतडं सुजलेलं असलं तरी ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर नेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर पटकीचे रुग्ण वाचवले. ओआरएसचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात कालवलं, आईला म्हटलं, चमच्या-चमच्याने दे, ओकला तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा दे. मग गाडीतून दोघांना तालुक्याच्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की घरात असं असं वासरू आहे, शौच तपासायला पाठवा. त्यांनी लगेच ऐकलं, याचं बरं वाटलं.

लोक विचारतात, साल्मोनेला म्हणजे साल्मन माशाचा रोग का? नाही. हे नाव डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याचं. १८८५ मध्ये त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी तो जिवाणू डुकरांमधून वेगळा केला. हा कोलायसारखा बाहेर चिकटून थांबत नाही. पेशीला टेकतो, सुईसारख्या अवयवाने आपली प्रथिनं आत टोचतो आणि मग ती पेशी त्याला स्वतःच ओढून आत घेते. त्याला खायला आलेल्या रक्षक पेशींच्या पोटातही तो जगतो. म्हणून ताप, म्हणून रक्त. आणि टायफॉइडचा त्याचा भाऊबंद फक्त माणसात राहतो, तसं याचं नाही. गाय, कोंबडी, माणूस, सगळी घरं त्याला चालतात.

वासरू दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं. पोर पाच दिवसांनी घरी आलं. दोघांच्याही तपासणीत साल्मोनेलाच निघाला.

मी पुन्हा गेले ते आला कुठून हे शोधायला. निपलवाली बाटली ज्या मोरीवर धुतली जायची तिथेच घरातली भांडी. विहीर गोठ्यापासून जेमतेम पंधरा पावलांवर, आणि आमचा जांभा म्हणजे चाळण. ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणून विहिरीत टाकलं, गोठ्यात चुना मारला, खड्डा खणून वासरू पुरलं होतं तिथे अजून माती ओढली. काकी सगळं निमूट बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गायीक तर कायच नाय गे."

खरंच काही नव्हतं. जर्सी संकरित गाय, महिन्या-दीड महिन्यापूर्वी घाटावरून टेम्पोतून आणलेली, गाभण. तिच्या शेणाचा नमुना पाठवला, काही सापडलं नाही. आठवड्याने दुसरा पाठवला, तोही कोरा. वाहक जनावर रोज जंतू टाकत नाही. प्रवास, बाळंतपण, उपासमार असा ताण पडला की टाकतं, मध्येच थांबतं. घरमालक म्हणाले, "मॅडम, किती वेळा पाठवतालास?" मी तिसरा पाठवला.

तिसऱ्यात साल्मोनेला आला. गाय तेव्हाही पोटभर चरत होती, दिवसाला सात लिटर दूध देत होती. आणि ज्या पडवीत पोर चटईवर निजलं होतं, ती जमीन काकी दर चार दिवसांनी तिच्याच शेणाने सारवत होत्या.