घाटातलं वळण

"बघा, पुरळ उठलंय," मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढताच आमचा ऑपरेटर म्हणाला.

ड्रिलवरचा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर. नुसत्या डोळ्यांना आरसा. भिंगाखाली मात्र गोळ्याच गोळ्या, मायक्रॉनभराच्या. हा थर चढवताना व्हॅक्यूममध्ये आर्कचा, म्हणजे विजेच्या ठिणगीचा, ठिपका टायटॅनियमवर नाचतो, तेव्हा प्लाझ्माबरोबर, म्हणजे धातूच्या विद्युतभारित वाफेबरोबर, वितळलेल्या धातूचे शिंतोडेही उडतात. फोडणीतली मोहरीच म्हणा.

म्हणून आज फिल्टर लावून पाहिला. फिल्टर म्हणजे जाळी नव्हे. काटकोनात वाकवलेली नळी आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. चुंबकीय क्षेत्राला धरून इलेक्ट्रॉन वळतात, त्यांच्या ओढीने आयनही, म्हणजे धातूचे विद्युतभारित अणूही, वळतात. शिंतोडे जड, ते सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. १९७० च्या दशकात खारकीवमध्ये निघालेली ही युक्ती.

"म्हणजे घाटातला ओव्हरलोड ट्रक!" पठ्ठ्याला माझ्याआधी कळलं.

नमुना खरंच स्वच्छ निघाला. पण तेवढ्याच वेळात थर कितीतरी पातळ. संध्याकाळी नळी उघडली, तर आतली भिंत सोन्यासारखी लखलखत होती. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, चांगला माल तर इथेच राहिला."

तेच डोक्यातून जात नाहीये. हार्ड डिस्कच्या हेडवर काही नॅनोमीटर कार्बन चढवताना एक गोळीही चालत नाही, तिथे हा तोटा सोसतात. आमची ड्रिलं तर पुरळासकट वर्षानुवर्षं भोकं पाडतायत.

तुम्ही असता तर फिल्टर ठेवला असता का?