टायटॅनियम गुणी, एमएओ नखरेल

पुण्यात पीएचडी करताना माझ्या वाट्याला आलं अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन. बुलेटप्रूफ जॅकेटात आणि जहाजांच्या दोरखंडांत याचेच धागे असतात. कारखान्यात ते झिग्लर पद्धतीच्या टायटॅनियम कॅटालिस्टवर बनतं, पण साखळ्यांचा असा गुंता होतो की धागा काढायला भरपूर सॉल्व्हंट लागतो. साखळ्या गुंतण्याआधीच त्यांचे स्फटिक होऊ द्यायचे आणि सॉल्व्हंटची कटकट मिटवायची, हे माझं काम.

कॅटालिस्ट घेतला फ्लोरिनवाला फिनॉक्सी-इमिन टायटॅनियम. हे घराणं जपानच्या मित्सुईत तेरुनोरी फुजितांच्या गटाने पुढे आणलं. धाकधूक होती, पण लालसर पूड निमूट हाती आली.

छळलं ते ॲक्टिव्हेटरने, म्हणजे कॅटालिस्टला जागं करणाऱ्या एमएओने (मिथाइलॲल्युमिनॉक्सेन, ॲल्युमिनियमचं संयुग). टायटॅनियमच्या एका अणूमागे ॲल्युमिनियमचे शेकडो, म्हणजे खर्चही त्याचाच जास्त. शिवाय एमएओमध्ये मोकळं ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम असतंच. ते वाढती साखळी टायटॅनियमवरून स्वतःकडे ओढून घेतं आणि रेणुभार घसरतो. बाटली जुनी झाली की आत जेल धरतं, ते वेगळंच. मोकळ्या ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमवर उपाय निघाला बीएचटीचा. हो, खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून घालतात तेच! ग्लोव्हबॉक्समध्ये (हवाबंद पेटीत, हातमोज्यांतून काम करत) ते एमएओत टाकलं की मिथेनचे बारीक बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत हात आवरायचा.

पुढे इथिलीनने भरलेलं गार टोल्युईन, मग एमएओ, शेवटी सिरिंजने कॅटालिस्ट, तोही अगदी कमी. सक्रिय जागा जितक्या विरळ, तितक्या साखळ्या एकमेकींपासून लांब. बर्फाची बादली असूनही काटा दहा अंशांवरून वर सरकू लागतो, पांढरे पुंजके दाटतात, चुंबकी स्टरर अडखळतो. तिथेच आम्लयुक्त मिथेनॉल ओतून थांबवायचं. उत्पादनाचा मोह इथे परवडत नाही.

डीएससीत (नमुना तापवून वितळबिंदू दाखवणाऱ्या यंत्रात) पहिल्या तापवणीला शिखर १४० अंशांच्या वर, वितळवून पुन्हा तापवलं तर १३५च्या आसपास. म्हणजे साखळ्या गुंतण्याआधीच स्फटिक झाल्याची खूण. आकडे बघून गाइड पहिल्यांदाच म्हणाले, "आता पट्टी ओढ." वितळबिंदूच्या खालीच पूड दाबली, लाटली, ओढली. पांढरीफटक पट्टी ओढता ओढता पारदर्शक होत जाते, तेव्हा लॅबमधले सगळे बघायला येतात.

ताकद मोजायची तर पट्टी तुटण्याआधी मशीनच्या ग्रिपमधूनच निसटते, इतकी गुळगुळीत. सध्या जबड्यांना सँडपेपर लावून बघतोय.